सर हात कुठे धुतात? एका वॉर्डातल्या अनुकरणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या शिक्षण रुग्णालयातल्या मेडिसिनच्या वॉर्डातलं आहे. रुग्णालय किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत, आणि त्याच कारणाने तिथले अंतर्गत आकडेही दिलेले नाहीत.

अशा वॉर्डात सकाळचा राउंड निघाला की कोण कोणाच्या वर आहे हे कोणाला विचारावं लागत नाही. पुढे युनिट हेड, त्यांच्या खांद्याशी सहयोगी डॉक्टर, मग तिसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे केस पेपर सांभाळणारे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे, आणि सगळ्यांत मागे टाचा उंचावून काही दिसतंय का बघणारे इंटर्न. बाजूने ट्रॉली घेऊन सिस्टर.

हात स्वच्छ करण्याचा नियम यातल्या प्रत्येकाला पाठ होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये त्यासाठी पाच क्षण ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यावर. अल्कोहोलचा हँडरब वापरला तर २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने धुतले तर ४० ते ६० सेकंद. दरवर्षी याचं प्रशिक्षण व्हायचं, शेवटी छोटी परीक्षा व्हायची आणि सगळे पास व्हायचे. बेसिनच्या वर चित्रांचा तक्ताही लावलेला होता.

तरी राउंड एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जायचा आणि हँडरबच्या बाटलीला सहसा कोणी हात लावायचं नाही.

अडचण

संसर्ग नियंत्रणाचं काम बघणाऱ्या सिस्टर रोज थोडा वेळ वॉर्डात उभ्या राहून नोंदी करायच्या. त्यांच्या वहीतल्या दोन गोष्टींमुळे हे प्रकरण सुरू झालं.

पहिली गोष्ट नव्या बॅचची. नवे निवासी डॉक्टर रुजू झाले की पहिले काही दिवस शिकवल्याप्रमाणे अगदी नेमाने हात स्वच्छ करायचे. मग एकेक जण ते सोडून द्यायचा. महिना उलटेपर्यंत नवे कोण आणि जुने कोण, हे निदान हातांवरून तरी ओळखू यायचं नाही. म्हणजे माहिती होती, इच्छा होती, सुरुवातही झाली होती. वॉर्डात राहून ती सवय *मोडत* होती.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. एकच निवासी डॉक्टर एका युनिटच्या राउंडला प्रत्येक खाटेपाशी हँडरब घ्यायचा; काही दिवसांनी दुसऱ्या युनिटकडे बदली झाली की त्याच वॉर्डात, त्याच बाटल्यांपाशी, घ्यायचा नाही. माणूस तोच, ज्ञान तेच, बाटली तीच. बदललं होतं ते एवढंच, की त्याच्या पुढे कोण चालतंय.

संसर्ग नियंत्रण समितीच्या बैठकीत सिस्टरांनी हे मांडलं, तेव्हा पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे आली: मुलांना गांभीर्य नाही. वरिष्ठांच्या खोलीत कनिष्ठांच्या वागण्याची कारणमीमांसा होते तेव्हा ती बहुधा कनिष्ठांच्या स्वभावापाशीच येऊन थांबते.

पहिला निर्णय: आकड्यांचा फलक

समितीने ठरवलं की वॉर्डाला आरसा दाखवायचा. दारावर ठळक अक्षरांत फलक लागला: आपल्या वॉर्डात बहुतेक वेळा हात स्वच्छ न करताच रुग्णाला स्पर्श केला जातो. खाली लाल रंगात, हे लाजिरवाणं आहे.

हेतू चांगला होता. पण फलक वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन संदेश शिरतात. एक, हे चूक आहे. दोन, हे सगळेच करतात. आणि दुसरा संदेश पहिल्यापेक्षा जड असतो. एका दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने फलकाखाली उभं राहून मित्राला म्हटलं, "चला, म्हणजे मी एकटा नाही." त्याने ते विनोदाने म्हटलं असेल, पण फलकाचा नेमका परिणाम त्याने सांगून टाकला.

हा धोका पूर्वी मोजून दाखवलेला आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून पर्यटक अश्मीभूत लाकडाचे तुकडे उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून दोन प्रकारच्या पाट्या तपासल्या. "पूर्वी अनेकांनी तुकडे नेल्यामुळे वनाची अवस्था बदलली" अशा अर्थाची पाटी होती तिथून जवळपास ८ टक्के तुकडे गेले. "कृपया नेऊ नका" एवढंच सांगणारी पाटी होती तिथून २ टक्क्यांहूनही कमी. चोरी थांबवायला लावलेल्या पाटीने चोरी ही रीतच असल्याचं जाहीर केलं होतं.

वॉर्डातला फलक काही आठवडे राहिला. नोंदींमध्ये सुधारणा दिसली नाही. मग भिंत रंगवण्याच्या निमित्ताने तो उतरवला गेला आणि परत लागला नाही, हे बरंच झालं.

समोर असलेले पर्याय

पुढच्या बैठकीत चार-पाच गोष्टी चर्चेला आल्या.

पुन्हा प्रशिक्षण घ्यायचं, ही सगळ्यांत सोपी सूचना. त्यावर फार वेळ गेला नाही. सगळे पास होत असलेल्या परीक्षेला पुन्हा बसवून काय मिळणार?

कॅमेरे आणि दंड. याला पाठिंबा होता. सिस्टरांचा आक्षेप अनुभवाचा होता: त्या वही घेऊन उभ्या असल्या की हात आपोआप बाटलीकडे जातात, त्या वळल्या की थांबतात. कॅमेरा लावला तर कॅमेऱ्यासमोरचे हात स्वच्छ होतील. शिवाय दंडाची पावती कनिष्ठांच्याच नावाने फाटणार, वरच्यांना कोण हटकणार, हेही कोणीतरी हळूच बोलून गेलं.

सोयी वाढवणं हा तिसरा पर्याय. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी बाटली हवी, ती भरलेली हवी, तिचा पंप चालायला हवा. हे करायचंच होतं. पण त्याने सगळं सुटेल असं मानायला आधार नव्हता. शिकागोतल्या एका रुग्णालयाचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी पडला. तिथे हात धुण्याच्या सोयी वाढवलेल्या नव्या इमारतीत गेल्यावर हात स्वच्छ करण्याचं प्रमाण उलट घटलं होतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की खोलीतल्या वरिष्ठाने किंवा बरोबरीच्या सहकाऱ्याने हात धुतले नाहीत तर इतरांनी धुण्याची शक्यता बरीच कमी होते. सिस्टरांच्या वहीतलं दुसरं निरीक्षण ते हेच.

चौथा पर्याय: रुग्णांनीच विचारावं, "डॉक्टर, हात स्वच्छ केलेत का?" कागदावर छान वाटतं. तापाने फणफणलेला माणूस दहा पांढऱ्या कोटांच्या घोळक्याला हा प्रश्न विचारेल, अशी अपेक्षा मला तरी क्रूर वाटते.

उरला पाचवा: ज्यांचं पाहून लोक वागतात त्यांचं वागणं बदलणं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांनी १८९० मध्येच मांडलं होतं की अनुकरणाचा ओघ बहुतेक वेळा वरच्या थरातून खालच्या थराकडे असतो. त्यामुळे युनिट हेडपासून सुरुवात करणं समितीला स्वाभाविक वाटलं. अडचण एकच: त्यांना सांगणार कोण?

सर हात धुत होते

सिस्टर एकट्याच गेल्या. पत्र नाही, बैठकीच्या इतिवृत्तात नोंद नाही, बरोबर कोणी नाही. या प्रकरणातला सगळ्यांत चांगला निर्णय हाच, असं माझं मत आहे. चारचौघांत विषय निघाला असता तर उत्तर चारचौघांसाठी आलं असतं.

"सर, राउंडला तुम्ही हात स्वच्छ करत नाही असं मुलांना वाटतं," त्या म्हणाल्या.

युनिट हेड चकित झाले. "अहो सिस्टर, मी प्रत्येक राउंडच्या आधी धुतो. नंतरही. माझ्या खोलीत बेसिन आहे."

"खोलीत, सर. तिथे कोण बघतंय?"

ते खरंच धुत होते. राउंडच्या मधेही, एखाद्या रुग्णाला तपासून झालं की, पुढे जाताना खिशातल्या छोट्या बाटलीतून दोन थेंब घ्यायचे. हे चालता चालता, पाठ वळलेली असताना व्हायचं. मागच्या रांगेतल्या इंटर्नला दिसायचं ते इतकंच: सर आले, रुग्णाच्या पोटावर हात ठेवला, बोलले, पुढे गेले. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण त्याला दिसलेल्या पुराव्याशी पूर्ण जुळणारा होता.

एकांतात पाळलेला नियम पसरत नाही. मोडलेला मात्र चारचौघांत मोडला जात असेल तर झपाट्याने पसरतो. प्रत्येक जण मनातून नियमाच्या बाजूने, प्रत्येकाची समजूत मात्र अशी की बाकीच्यांना पर्वा नाही. अशा वेळी सगळा गट त्यातल्या कोणालाच मान्य नसलेली गोष्ट एकदिलाने करत राहतो.

काय केलं

युनिट हेडना भाषण देऊ नका, अशी सिस्टरांची विनंती होती. फक्त जागा बदला: खाटेच्या पायथ्याशी उभं राहा, तिथली बाटली घ्या, सगळ्यांच्या देखत हात चोळा आणि मगच रुग्णाकडे जा.

पहिल्या दिवशी घडलं ते बघण्यासारखं होतं. सर बाटलीपाशी थांबले. राउंड थांबला. वीस-पंचवीस सेकंद घोळक्यात उभं राहून काढणं हा फार लांबलचक वेळ असतो. कोणी बोलेना. सहयोगी डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूची बाटली घेतली. मग तिसऱ्या वर्षाचा एक निवासी पुढे झाला, त्याच्या मागून आणखी दोघं. इंटर्नपर्यंत बाटली पोचेपर्यंत पंपाचा आवाज सुरूच होता. चौथ्या खाटेला कोणी कोणाची वाट बघितली नाही.

काही आठवड्यांतच सकाळच्या राउंडच्या नोंदी पार बदलल्या. दुपारच्या नोंदी मात्र जशाच्या तशा. सर गेले की हात पुन्हा कोरडे.

इथे दुसरा निर्णयबिंदू आला. समितीला वाटलं, सरांनी दुपारीही चक्कर मारावी. सिस्टरांनी त्याआधी काही इंटर्नना बाजूला घेऊन साधा प्रश्न विचारला: काम शिकताना तू कोणाकडे बघतोस? उत्तर जवळजवळ एकसारखं आलं. सरांकडे नाही. सर म्हणजे परीक्षा. शीर कशी शोधायची, नातेवाइकांशी कसं बोलायचं, कोणती तपासणी आधी पाठवायची, कुठे वेळ वाचवायचा, हे सगळं तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरकडून उचललं जातं. नक्कल सर्वांत मोठ्या माणसाची होत नाही. आपण दोन-तीन वर्षांनी जे होणार आहोत त्या माणसाची होते. तार्द यांचा ओघ वरून खालीच येतो, पण एकेक पायरी उतरत येतो, आणि मधली पायरी कोरडी असली तर तिथेच अडतो.

म्हणून तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना हाताशी धरलं. सगळ्यांना नाही, ज्यांच्याभोवती कनिष्ठ घुटमळतात अशा दोघा-तिघांना. त्यांच्यातला एक जण सुरुवातीला हसला. मग रक्त काढायला निघताना इंटर्नला म्हणाला, "अरे, आधी हात. सुई नंतर." एवढंच. पण ते दुपारी, गर्दीत, कोणी वही घेऊन उभं नसताना म्हटलेलं होतं.

सवयीबरोबर आणखी काय आलं

मग एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली, आणि मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त रस तिच्यातच आहे.

हात नीट चोळले जातात का हे तपासायला अतिनील दिव्याखाली चमकणारं द्रावण वापरतात. ते नेहमीसारखं हातांना लावायचं आणि हात दिव्याखाली धरायचे. द्रव पोचला तिथे त्वचा चमकते, राहिलेला भाग काळा दिसतो. त्या युनिटमधल्या डॉक्टरांचे हात एकामागून एक दिव्याखाली आले. तळवे लख्ख. बोटांच्या बेचक्या बऱ्या. आणि अंगठे काळे. एकाचे, दुसऱ्याचे, पाचव्याचे. शेवटी युनिट हेडचे हात आले आणि उलगडा झाला: सर अंगठे चोळतच नव्हते. अंगठा राहून जाणं ही तशी सर्वत्र आढळणारी चूक आहे, त्यामुळे सगळं खापर अनुकरणावर फोडता येणार नाही. पण दुसऱ्या गोष्टीबाबत शंका नव्हती. सरांना हँडरब झाल्यावर केस पेपर हातात घेऊन एकदा चाळायची आणि मग रुग्णाला हात लावायची सवय होती. केस पेपर शंभर हातांतून फिरलेला. आता तिसऱ्या वर्षाचे निवासीही हँडरब घेत, केस पेपर चाळत आणि मग रुग्णाकडे वळत. काहींना तर त्या क्षणी केस पेपरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतंच.

माणूस अशी अख्खी मोळी उचलतो. व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी २००५ मध्ये चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं यांना एका पेटीतून बक्षीस कसं काढायचं ते करून दाखवलं. दाखवताना काही निरर्थक कृतीही मुद्दाम घातल्या. पेटी पारदर्शक केल्यावर, त्या कृतींचा उपयोग नाही हे उघड दिसत असताना, चिंपांझींनी त्या बहुतांशी गाळल्या. मुलांनी मात्र त्या तशाच केल्या. वरकरणी चिंपांझी हुशार ठरतात. पण कारण न कळताही नेमकं तसंच करण्याची मुलांची ही वृत्ती नसती, तर ज्यांच्या प्रत्येक पायरीमागचं कारण शिकणाऱ्याला माहीत नसतं अशी कौशल्यं पिढ्यान्‌पिढ्या टिकली नसती. वॉर्डातही तेच झालं. काय महत्त्वाचं आणि काय सरांची लकब, हे मागच्या रांगेतून ठरवता येत नाही, म्हणून दोन्ही घेतलं जातं.

केस पेपर चाळण्याची लकब पुढे शेजारच्या वॉर्डातही पोचली. तिथे ही मोहीम राबवलीच नव्हती. बदलून गेलेले निवासी डॉक्टर ती घेऊन गेले, आणि तिच्याबरोबर हँडरबही. पसरण्याची वाट दोघांची एकच होती.

परिणाम

राउंडमधली सुधारणा टिकली. दिवसाच्या बाकी वेळेतली सुधारणा ठळक होती, पण डळमळती. रात्री फारसा फरक पडला नाही: नाईट ड्युटीला वॉर्डात बहुधा एकटाच कनिष्ठ डॉक्टर असतो, त्याने कोणाचं बघायचं आणि त्याचं बघायचं कोणी?

मधे युनिट हेड रजेवर गेले. त्यांच्या जागी राउंड घेणारे डॉक्टर बाटलीपाशी थांबत नसत. पहिल्याच खाटेला घोळका क्षणभर घुटमळला. मग तिसऱ्या वर्षाच्या एका निवासीने काही न बोलता हँडरब घेतला आणि लगोलग मागच्या दोन इंटर्ननी घेतला. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांची इथे आठवण होते. रेषांची लांबी ओळखताना बाकी सगळा गट ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देत असेल तर एकट्या पडलेल्या माणसाची अशा फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटामागे जायची. पण एक जरी सोबती बरोबर उत्तर देणारा मिळाला की ते प्रमाण एकदम खाली यायचं. त्या राउंडला सगळ्यांनी हात स्वच्छ केले नाहीत. पण सवय पूर्ण कोसळलीही नाही.

परिचारिका आणि वॉर्डबॉय या सगळ्यापासून लांबच राहिले. डॉक्टरांचं बघून परिचारिका बदलतील ही समजूत खोटी ठरली. त्यांची उतरंड वेगळी, त्यात बघायचं ते इन्चार्ज सिस्टरांकडे. वॉर्डबॉय तर मोहिमेच्या आखणीत कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. खाटा, नळ्या आणि चादरी दिवसभर हाताळतात ते तेच.

संसर्ग कमी झाले का? त्याच काळात वॉर्डातली गर्दी बदलली, प्रतिजैविकं वापरण्याचं धोरण बदललं. एका वॉर्डाच्या काही महिन्यांच्या नोंदींवरून श्रेय वाटणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फलकाचा वेळ वाचवता आला असता. आकडा लावायचाच होता तर वाढता आकडा लावता आला असता, किंवा आकडा न लावता हात स्वच्छ केल्याने कोणाचं भलं होतं ते सांगता आलं असतं. ॲडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांच्या २०११ च्या प्रयोगात "याने तुम्हाला रोग होणार नाही" यापेक्षा "याने रुग्णांना रोग होणार नाही" असं सांगणारी पाटी डॉक्टर-परिचारिकांवर जास्त परिणामकारक ठरली होती.

अतिनील दिवा शेवटी आला. तो पहिल्यांदा, आणि तोही युनिट हेडपासून, यायला हवा होता. ज्याचा नमुना म्हणून वापर करायचा त्याचा अंगठा आधी तपासायचा. केस पेपरची सवय तर एक दिवस बारकाईने बघितलं असतं तरी दिसली असती.

वरून सुरुवात करणं चूक होतं का, यावर समितीत अजून दोन मतं आहेत. माझ्या मते नव्हतं. सर बाटलीपाशी थांबले नसते तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना थांबायची मुभा मिळाली नसती. राउंड अडवणारा निवासी डॉक्टर कोणाला आवडतो? पण दोन्ही पायऱ्यांवर एकाच वेळी काम सुरू करता आलं असतं, आणि इन्चार्ज सिस्टरांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेता आलं असतं.

पुराव्यावर किती विसंबायचं, हाही प्रश्न उरतो. डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरिनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि १० टक्क्यांच्या वर असलेलं मातांच्या मृत्यूचं प्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढा पुरावा हातात असूनही त्यांच्या हयातीत युरोपातल्या बहुतेक नामांकित डॉक्टरांनी तो मानला नाही. या वॉर्डात पुराव्याबद्दल कोणालाच शंका नव्हती, तरी हात कोरडेच होते.

सध्या प्रश्न नव्या बॅचचा आहे. ते येतील तेव्हा आताचे तिसऱ्या वर्षाचे निवासी निघून गेलेले असतील. सिस्टरांनी सुचवलंय की नव्यांची पहिल्या दोन आठवड्यांची ड्युटी लावताना बरोबर कोण आहे ते बघून लावावी, रात्रीची सुद्धा. ड्युटी लिस्ट करणाऱ्यांचं म्हणणं, ती कामाच्या भारावर लागते, सवयींवर लावायची तर माणसं पुरणार नाहीत. निर्णय झालेला नाही. युनिट हेडनी मात्र केस पेपर ट्रॉलीवर उघडा ठेवायला सांगितलंय, म्हणजे चाळण्यासाठी तो हातात घ्यावा लागत नाही.